कापसाच्या ग्रहावर गेलेला साळा

"कट! कट! अरे, तो खाली चालला... पकडा त्याला!"

डायरेक्टरसाहेब भोंग्यातून किंचाळत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझा एकुलता एक साळा गजानन अंतराळवीराच्या पोशाखासकट कापसात बुडत होता.

थांबा, आधी एक सांगतो. मी भूतबित मानणारा माणूस नाही. पांढुर्ण्यात भुतांच्या जेवढ्या गोष्टी फिरतात, त्यातल्या निम्म्या मीच सोडलेल्या आहेत! ही मात्र मी सोडलेली नाही.

झालं असं — मुंबईची मंडळी अंतराळावरच्या मालिकेचा एक भाग करायला आली होती. त्यांना बर्फाचा ग्रह हवा होता आणि लडाखला जायची ऐपत नव्हती. मी म्हटलं, साहेब, तुमचा ग्रह आमच्या सौंसर रोडवरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात पडलाय! भर सीझन. कापसाचा ढीग एवढा, की वर चढलं तर नागपुरात वाळत घातलेली लुगडी दिसावीत. अंतराळवीराचं कामही मीच गजाननला मिळवून दिलं. निघताना बायकोने बजावलं, "माह्या भावाले खरचटलं तरी घरी येऊ नका."

मी मागच्या दाराने आत गेलो. फाटकाकडे फिरकलोसुद्धा नाही. गजानन आधीच पोशाख चढवून, हेल्मेट लावून उभा होता. काळी काच. मीच पाठीची चेन ओढली, माइक लावला.

"गज्या, पडू नको बे."

त्याने अंगठा दाखवला. चढला... आणि अर्ध्यावर ढीग सरकला.

भर दुपारी सगळं युनिट हातांनी कापूस उपसू लागलं. साउंडवाल्याने हेडफोन माझ्या कानाला लावला. आत श्वास. मग गजाननचाच आवाज, अगदी शांत —

"भाऊजी, इथं लय मोकळं आहे. तुम्हीबी या."

"गज्या, हात वर कर! कुठं आहेस?"

"सगळं पांढरंच आहे. तुम्ही येऊनच तं राहिले... दिसून राहिले मले."

मी तर जागचा हललो नव्हतो!

तेवढ्यात कोणाच्या तरी हाताला बूट लागला. आम्ही ओढून काढलं. हेल्मेट उघडलं — डोकं नाही. कापूस. सरकीसकट, गळ्यापासून हातमोज्याच्या बोटांपर्यंत गच्च ठासलेला. पाठीची चेन मी लावली तशीच बंद. आणि कानात — "भाऊजी, येता ना?"

हेडफोन फेकून मी जो पळालो, तो थेट फाटकावर. तिथे लिंबाखाली, घरच्या शर्टात, गजानन संत्रं खात बसला होता.

आधी मी त्याला मिठी मारली, मग एक ठेवून दिली. पुढे सगळा ढीग उपसला, आत काही निघालं नाही. तो पोशाख कोणी भरला, तो आवाज कोणाचा होता — मला आजही सांगता येत नाही. एरवी मी गोष्टीत मीठमसाला घालतो. हिच्यात घालायची हिंमत होत नाही.

त्या दिवशी मी त्याच्यावर खेकसलो, "इथं काय करून राहिला बे? आत काहून नाही आला?"

संत्र्याची बी थुंकत तो म्हणाला, "तुम्हीच तं मघाशी सांगून गेले, आज आत येऊ नको म्हणून."