दाराजवळचं ताट

"तू इथे नको. तुझं ताट दाराजवळ काढलंय," खोतसाहेब म्हणाले.

शारजातल्या त्यांच्या घरी ईदचं जेवण होतं. रत्नागिरीकडची वीसएक माणसं, एका थाळ्याभोवती चौघं-पाचजण, आमच्या रिवाजाप्रमाणे. मी एकटा, चपलांशेजारी. तांदूळ माझ्या दुकानातला. मसाला माझ्या बायकोने, झुलेखाने कुटलेला. पण मी दालदी. खाडीत मासे मारणाऱ्याचा मुलगा. आणि ते आमच्या गावचे खोत.

तेव्हा इथे शारजात आपला भारताचा रुपयाच चालायचा. लाँचमधून ओकत ओकत आलो होतो. रोल्ला भागातल्या मोठ्या वडाजवळ फळ्या ठोकून आम्ही नवराबायकोने किराणा दुकान उभं केलं. पोरं तिथेच पोत्यांवर वाढली.

खोतांकडची ही तिसरी ईद. आधीच्या दोन्ही ईदांना ते ताट मी गुपचूप खाल्लं होतं. खोतांपेक्षा मला माझाच जास्त संताप येतो. खाल्लं कसं मी?

तेवढ्यात सालेम आला. माझा शेजारी, अरब कोळी. खोतसाहेब ताडकन उठले. त्याला हाताला धरून स्वतःच्या थाळ्यावर बसवलं. त्याच्या कपड्यांना मासळीचा वास होता. कुणालाच आला नाही.

सालेमने मला पाहिलं. "तआल, हबीबी!" त्याने शेजारची जागा थोपटली.

खोतसाहेब अरबीत म्हणाले, "तो नोकर आहे. खाईल तिकडेच."

मी उठलो. अरबीतच बोललो.

"नोकर नाही, सालेम. माझा बाप तुझ्यासारखाच मासे मारायचा. म्हणून यांनी मला इथे बसवलंय."

सगळ्यांचे हात थांबले. सालेम गोंधळून बघत राहिला. मी चपला घालून निघालो.

गाववाल्यांनी माझ्या दुकानावर बहिष्कार टाकला. कांदे पोत्यात कुजले. महिन्याभराने खोतसाहेब स्वतः आले.

"झालं गेलं सोड. पुढच्या ईदचा माल तूच दे."

"आणि मी बसू कुठे?"

ते म्हणाले, "रिवाज मी एकटा कसा मोडू?"

"मग खलास. माल मिळणार नाही."

ते गेल्यावर झुलेखा म्हणाली, "दुकान बुडेल हो."

"बुडू दे."

"बुडू दे," तीही म्हणाली, आणि कुजके कांदे निवडायला बसली.

त्यांच्या थाळ्यावर जागा मला नकोच आता. पण यापुढे कुणालाही असं वेगळं बसवलेलं दिसलं, तर मी भरल्या पंगतीत बोलणार. अरबीत, हिंदीत, मराठीत. सगळ्यांना कळेल असं.