हवेच्या गनीचं तेल

मांजरसुंब्याच्या चौकातून थोडं पुढं आलं की धाब्यांच्या रांगेतच आमचं गॅरेज आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं पत्र्याचं एक शेड आणि जुना कॉम्प्रेसर, एवढंच होतं. माझे मालक ट्रकची चाकं खोलायचे, पंक्चर काढायचे. आम्ही मागच्या खोलीत राहायचो. चहापाणी, गिऱ्हाइकाला बसवणं, हाताखाली सामान देणं माझ्याकडं होतं. बघता बघता गॅरेजातलं बरंच काही मला कळायला लागलं.

गॅरेजचा खरा जीव म्हणजे हवेची गन. कॉम्प्रेसरची नळी जोडायची, घोडा दाबायचा, की ट्रकच्या चाकाचा गच्च बसलेला नट घर्रकन सुटतो. या गनीला रोज तेल लागतं. नळी जोडायच्या भोकात सकाळी काम सुरू करण्याआधी दोन-चार थेंब सोडायचे आणि गन जराशी मोकळी फिरवायची. दिवसभर काम असलं तर दुपारी पुन्हा. पण तेल पातळ पाहिजे, हवेच्या हत्यारांसाठी वेगळं मिळतं ते. आज मी हे कुणालाही सांगते. भाऊजी आमच्याकडं आले त्या वर्षी मात्र मला ते ठाऊक नव्हतं, आणि त्यांनाही नव्हतं.

भाऊजी म्हणजे मालकांचे थोरले भाऊ. सासरे लवकर गेले, तेव्हा भाऊजींनी कोयता हातात घेतला आणि दरसाल ऊसतोडीला जाऊन घर चालवलं. धाकट्याला मात्र त्यांनी उसाच्या फडात नेलं नाही, बीडला एका गॅरेजात कामाला लावलं. मालक मेस्त्री झाले ते त्यांच्यामुळं. पुढं मोळ्या वाहून वाहून भाऊजींचा उजवा खांदा दुखायला लागला. तेव्हा मालकच गावी जाऊन त्यांना म्हणाले, "दादा, आता तोडीला जाऊ नको. माझ्याकडं ये. दोघं मिळून चालवू."

भाऊजी आले. आल्या आल्या त्यांनी शेड झाडलं, नट खोलायचे पाने खिळ्यांना ओळीनं टांगले. वस्तू सांभाळायची त्यांना लई हौस. गावी बैलगाडीच्या आखाला वंगण घालायचं काम त्यांनी कधी दुसऱ्यावर सोडलं नव्हतं. गॅरेजात तसंच काहीतरी आपल्या वाट्याला यावं असं त्यांना वाटत असणार. एका सकाळी मालक ट्रकखाली झोपून काम करत होते. भाऊजी गन हातात घेऊन वाकले.

"ह्याला तेल कधी कधी द्यायचं रं?"

"रोज देत जा," मालक खालूनच म्हणाले.

"कोणचं?"

"आरं, हाय की तिथं. ऑइल."

तिथं इंजिन ऑइलचा डबा होता. पातळ तेलाची बाटली कपाटात, कपड्यात गुंडाळलेली. भाऊजींनी डबा उचलला.

तेव्हापासून ते गनीला जीव लावून तेल द्यायला लागले. सकाळी द्यायचे, जेवण झाल्यावर द्यायचे, संध्याकाळी पुसून ठेवताना परत द्यायचे. गनीतून काळे शिंतोडे उडायचे, तर ते फडक्यानं टिपून घ्यायचे. मला एकदा हसून म्हणाले, "आता बगा, कशी गार पडलीय. आवाजसुद्धा कमी झालाय." आवाज खरंच कमी झाला होता. जाड तेलानं आतली फिरणारी पाती चिकटत चालली होती, म्हणून तो कमी झाला होता. आम्हाला दोघांनाही ते चांगलं लक्षण वाटलं.

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला. माजलगावकडं जाणारे ट्रक एकामागून एक थांबायला लागले. एका दुपारी उसानं भरलेल्या ट्रकचं मागचं चाक बसलं. मालकांनी गन लावली, घोडा दाबला. नुसती फुस्स करून हवा गेली. नट हलेना. ड्रायव्हर ओरडत होता, मागं आणखी गाड्या उभ्या होत्या. मालकांनी तिथंच बसून गन खोलली. आत डांबरासारखा काळा चिकटा.

"दादा, ह्यात काय घातलं बे?"

भावाला त्यांनी 'बे' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"ऑइल. तूच म्हणला रोज दे."

"डब्यातलं? ही काय बैलगाडी हाय का? समजत न्हाई तर हात कावून लावतो?"

धाब्यावरची माणसं वळून बघत होती. कुणीतरी हसलं. भाऊजींनी हातातलं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं. मी चहा घेऊन उभी होते. "घ्या ना," मी म्हणाले. त्यांनी कप घेतला, उभ्यानंच चहा संपवला आणि पिशवी घेऊन रस्त्यापलीकडं जीपला हात केला. मालक पान्यानं नट सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी गन रॉकेलमध्ये धुतली, पाती घासली, पातळ तेल सोडलं. ती पहिल्यासारखी चालायला लागली. सगळं काम अर्ध्या सकाळीत झालं. हात पुसताना मालक म्हणाले, "एवढंच होतं बघ."

मग मालक भाऊजींना आणायला गावी गेले, तेव्हा घराला कुलूप होतं. भाऊजी आणि जाऊबाई टोळीबरोबर तोडीला निघून गेले होते. त्या हंगामात भाऊजींचा खांदा पुरता गेला. परत आले ते हात छातीशी धरून. आता ते शेळ्या राखतात.

मालक माफी मागायला दोनदा गेले. दोन्ही वेळा भाऊजींनी त्यांना बोलूच दिलं नाही. "झालं गेलं, जेवून जा," म्हणायचे. लग्नकार्याला ते आमच्याकडं येतात, बोलतात, पण गॅरेजच्या शेडात पाऊल टाकत नाहीत.

गेल्या चतुर्थीला लिंबागणेशला देवळाच्या बाहेर आमची गाठ पडली. मालक म्हणाले, "दादा, ये की गॅरेजला. नुसता बसून राहा. मला बरं वाटंल."

भाऊजी हसले. "तिथं बसून काय करू? हात वर जात न्हाई." मग डाव्या हातानं त्यांनी मला प्रसाद दिला, आमच्या लेकीची शाळा विचारली आणि शेळ्या एकट्या आहेत म्हणून निघाले.

मालक चपला घालायचं विसरून त्यांच्याकडं बघत उभे होते. घरी येताना म्हणाले, "त्यानं तेल कोणचं म्हणून विचारलं होतं. मी ट्रकखालून बाहेर यायला पायजे होतं." त्या दिवशी आम्ही गॅरेज उघडलं नाही.