काळं केलं तेवढंच छापणारे सुपडू आबा

सुपडू आबांच्या दुकानात कुणी मजकूर छापायला घेऊन गेलं, की ते कागदाकडे नंतर बघायचे. आधी चष्मा कपाळावर चढवून माणसाकडे बघायचे आणि विचारायचे, "यामातलं खरं कितलं लागस तुम्हले?" म्हणजे, यातलं खरोखर लागतं किती? आपण म्हणावं, "आबा, सगळंच लागतं, म्हणून तर आणलं." की आबा मान हलवणार. "बठ्ठं कसाले? बठ्ठं कोन वाचस?" सगळं वाचतं कोण, असं म्हणून आपल्यादेखत पेन्सिलीने आपल्या मजकुराला कंस घालायला लागणार. समोरच्याचा चेहरा कसा होतोय, याची त्यांना काही पडलेली नसायची.

दुकान धुळ्याला, आमच्या देवपुरात. दुकानाच्या पाटीवर एकच शब्द होता, 'छपाई'. पेंटर म्हणे मालकाचं नाव, पत्ता, 'आमचे येथे' वगैरे सगळं लिहून आणलेला कागद घेऊन शिडीवर चढला होता. आबांनी त्याला पहिल्या शब्दानंतरच खाली उतरवलं. "दुकान इथंच शे. पत्ता कोणासाठी लिहितो?"

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तुम्ही त्यांना पाहिलं नाही म्हणून सांगते. धोतर, वर हाफ शर्ट, खिशाला पेन्सिल आणि बोटांना जन्माची शाई. उभं आयुष्य त्यांनी छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात घालवलं. म्हणायचे, "खिळे जुळवताना बोटं दुखत, म्हणून माणूस कमी बोलायचा. या मशीनमुळे बोटं दुखायची थांबली, अन् लोक लिहीतच सुटले." हे मशीन म्हणजे कॉम्प्युटर. नव्वद साल उलटून चांगली सहा-सात वर्षं झाल्यावर तो दुकानात आला. त्यावर आबा चादर घालायचे. देवाला झोपवतात तशी.

आता गंमत अशी, की आबांनी त्या कॉम्प्युटरमध्ये एकच फाइल केली. बारसं, लग्न, वास्तुशांत, दहावा, सगळं एकाखाली एक. का, तर "एक पोतं सांभाळणं सोपं." छापायच्या पहिल्या दिवशी एका घरच्या मुंजीची पत्रिका काढायला त्यांनी प्रिंटचं बटण दाबलं आणि मशीन थांबेचना. अख्ख्या देवपूरचा लग्नाचा हंगाम बाहेर पडायला लागला. मधेच एकाचा दहावा आला, त्याच्यामागून पुन्हा दोन लग्नं. आबा कागद ओढून धरताहेत, मुंजीवाले ओरडताहेत. शेवटी कुणीतरी भिंतीतली पिन उपटली.

मग जळगावहून मशीन विकणारा माणूस आला आणि त्याने दाखवलं, की हवा तेवढाच मजकूर माउसने ओढून घ्यायचा, तेवढा पडद्यावर काळा होतो, मग छापायच्या चौकटीत 'निवडलेलं' यावर खूण करायची. काळं केलं तेवढंच कागदावर येतं, बाकीचं आत सुखरूप राहतं. आबांनी त्या माणसाला जेवू घालूनच पाठवलं. जन्मभर जे तोंडाने सांगत आलो ते मशीनलाही पटतं, याचा त्यांना फार अभिमान वाटला.

त्यानंतर आबांना धरबंध राहिला नाही. एक उमेदवार वॉर्डाच्या निवडणुकीचा जाहीरनामा घेऊन आला. आबांनी त्याचं नाव आणि फोटो एवढंच काळं केलं. तो म्हणाला, "आबा, अन् आश्वासनं?" आबा म्हणाले, "ती मागल्या बारी छापली व्हती ना? लोकांकडे असतील." एका मुलीचा लग्नाचा बायोडाटा तिच्या वडिलांनी आणला. त्यातली 'स्वयंपाकाची आवड' ही ओळ आबांनी सोडली. वडील रागावले, तर म्हणाले, "मी पोरीला विचारलं. ती नाही म्हणते." पुढे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आलं. कॉलेजचे एक प्राध्यापक परदेशातलं कसलंसं पान उघडून बसले आणि म्हणाले, काढा. आबांनी पडद्यावर बोट ठेवून एकेका गोष्टीचा अर्थ विचारला. ही जाहिरात, हा झेंडा, आणि हे? सर म्हणाले, "इथे क्लिक करा असं लिहिलंय." आबा म्हणाले, "कागदावर क्लिक करून काय व्हणार सर?" आणि मधला एक परिच्छेद काळा करून तेवढाच काढून दिला. सर नंतर कबूल करत, की तेवढाच लागला. पण कधीकधी आबा लागणारंही कापायचे. एका वास्तुशांतीच्या पत्रिकेत त्यांनी तारीखच सोडली होती.

असल्या माणसाकडे मी माझ्या ज्योतीच्या लग्नाची पत्रिका घेऊन गेले. आमच्या खानदेशात पत्रिका म्हणजे काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको. नवरा-नवरीची नावं कोपऱ्यात आणि बाकी सगळी भाऊबंदकी. काका मंडळी, मामा मंडळी, आत्या, व्यवस्थापक, आणि तळाला 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पाळण्यातली पोरं. एक नाव राहिलं तर ते घर लग्नाला येत नाही, आणि एक नाव खाली गेलं तर येतं, पण जेवत नाही.

माझी अडचण त्याहून मोठी होती. ज्योतीचे वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. कन्यादानाला तिचा काका बसणार, म्हणजे माझे शिंदखेड्याचे दीर, नाना. आणि तिला मांडवात आणून तिच्या पाठीशी उभा राहणार तिचा मामा, माझा रावेरकडचा धाकटा भाऊ भागवत. या दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. झालं होतं असं, की नानांच्या मुलाच्या लग्नात भागवतने आपल्या बागेतली ट्रकभर केळी पाठवली, आणि भर पंगतीत नाना म्हणाले, "केळी जराशी कच्ची निघनी." केळीवाल्याला यापेक्षा मोठी शिवी नाही. भागवत ताटावरून उठला, तो उठलाच.

आता दोघांनीही मला वेगवेगळं बजावलं होतं. नाना म्हणाले, "वहिनी, पत्रिकावर त्यानं नाव व्हई ते मी येवाव नही." भागवत म्हणाला, "अक्का, त्याचं नाव असीन तं मले बलावू नको." वडिलांची जागा आधीच रिकामी. त्यात या दोघांतला एक जरी आला नाही, तर माझी पोर मांडवात कशी दिसेल, याच विचाराने माझा डोळा लागत नसे.

मी आबांना हे सगळं सांगितलं आणि हळूच म्हटलं, "तुमच्या मशीनमधून हवं तेवढंच येतं ना? मग शिंदखेड्याला मामाचं नाव सोडून काढा, रावेरला काकाचं सोडून. दोन पत्रिका."

"येईल की," आबा म्हणाले. "मामाले काळं केलं की मामानी पत्रिका, काकाले काळं केलं की काकानी. पण अक्का, पत्रिका घरी ठेवून लग्नाला कोणी येत नाही. मुहूर्त बघायला खिशात घेऊन येतात. मांडवात दोघांनी एकदम काढली, म्हणजे?"

मला हे सुचलंच नव्हतं.

आबांनी चष्मा कपाळावर चढवला. "यामातलं खरं कितलं लागस तुम्हले?"

मी म्हटलं, "मला दोघं मांडवात लागतात."

"ते मशीनमधून येत नाही. कागदावर काय लागस?"

मी विचार केला. "पोरीचं नाव. पोराचं. दिवस, वेळ, जागा."

"अन् बोलावतं कोण?"

"मी."

"मग तुमचं नाव. झालं." आणि त्यांनी माउस ओढून तेवढं काळं केलं. सगळी मामा मंडळी, काका मंडळी आणि पाळण्यातली पोरं पडद्यावर खाली पांढरी राहिली. माझं नाव मी छापलेलं तोवर कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पत्रिकेवर एकटंच. पण माझ्या नावाच्या मधे यांचं नाव होतं, म्हणून धीर आला. मी म्हटलं, छापा.

पत्रिका गेल्या आणि काय गहजब झाला म्हणता. आमच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, ही पत्रिका की सिनेमाचं तिकीट? जाऊबाईंनी शिंदखेड्याहून निरोप पाठवला, की नावं महाग झालीत का? व्याह्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, "आपल्याकडची मंडळी... आहेत ना?" मी घरात तोंड लपवून बसले आणि आबांना मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

चार दिवसांनी दुकानातून निरोप आला, अक्काला ताबडतोब पाठवा. जाऊन बघते, तर आत नाना आणि भागवत. एक सकाळच्या गाडीने शिंदखेड्याहून आलेला, दुसरा रावेरहून. दोघांच्या हातात पत्रिका, दोघं आबांच्या अंगावर धावलेले. एकमेकांकडे मात्र पाठ.

"मन्हं नाव कोठे गये?" नाना.

"अन् माह्यं? मी काय मेलो का?" भागवत.

आबा शांत होते. "दोघं मशीनमधे शेतस. या, दाखवतो." आणि त्यांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. पडदा लहान, अक्षरं बारीक, आणि दोघांचेही चष्मे घरी. नाव शोधता शोधता दोघांची डोकी एकमेकांना लागायच्या बेताला आली. मी दारातच उभी राहिले. आत पाऊल टाकायची माझी हिंमत होईना.

नाना आबांवर पुन्हा चिडले. "तुले काही समजस का नही? माझं सोड. मामाचं नाव नाही, म्हणजे काय पत्रिका झाली? पोरीच्या मागं कोण उभं राहणार?"

हे ऐकून भागवतही आबांवर कडाडला. "अन् काकाचं नाही! बाप नाही पोरीले. कन्यादान कोन करीन, तुम्ही?"

आपण काय बोललो, हे दोघांच्याही उशिरा लक्षात आलं. भागवत पडद्याकडे बघत राहिला, नाना दाराकडे. दारात मी.

आबांनी विचारलं, "मग काढू का दोन्ही नावं? एकत्र, का वेगळी वेगळी?"

शेवटी नाना म्हणाले, "एकत्र काढ. मामाचं वर घे. मांडवात तोच तिले पहिले आणस. मन्हं काम मागून."

आबांनी तेवढ्याच दोन ओळी काळ्या केल्या आणि त्यांच्या पट्ट्या काढून दिल्या. निम्म्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. उरलेल्यांवर माझा भाऊ आणि माझा दीर एका बाकावर बसून संध्याकाळपर्यंत पट्ट्या चिकटवत होते. नानांच्या वाकड्या लागत होत्या, भागवत त्या उचलून सरळ करत होता. बोलणं एवढंच, "डिंक द्या."

लग्नाच्या दिवशी ज्यांच्या पत्रिकेवर पट्टी नव्हती, त्या पाहुण्यांना नाना स्वतः जाऊन सांगत होते, "हाऊ पोरना मामा." भागवत सांगत होता, "हे काका." मुहूर्त झाला, भागवत ज्योतीच्या पाठीशी ताठ उभा राहिला. कन्यादानाला पाणी सोडताना नानांचं लक्ष हातावर राहिलं नाही. त्यांना भाऊ आठवला असणार. पाणी भलतीकडेच सांडायला लागलं, तेव्हा भागवतने मागून वाकून आपला हात त्यांच्या हाताखाली धरला.

फोटोवाला त्या वेळी व्याह्यांच्या पंगतीचे फोटो काढत होता. आबा मांडवाच्या कडेला बसले होते. ते उठले, फोटोवाल्याला मानेला धरून इकडे आणलं आणि म्हणाले, "तिकडलं ऱ्हाऊ दे. हे काढ." तो म्हणाला, यात कुणाचा चेहरा येत नाही. आबा म्हणाले, "काढ."

तो फोटो माझ्या घरात भिंतीवर आहे. ज्योतीचा हिरव्या चुड्याचा हात, त्यावर नानांचा, नानांच्या हाताखाली भागवतचा, आणि पाणी बरोबर जिथे पडायचं तिथे पडतंय. आबा त्यात नाहीत. ते फोटोवाल्याच्या मागे उभे होते, त्याचा खांदा घट्ट धरून.