कानात बोळे, हातात ट्रेबल

पहिलं गाणं निम्म्यावर आलं असेल. पाटील सर मंडपाच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. मागं आवाज पोचत नाही असं ते सांगतायत, अशी माझी समजूत झाली. मी आवाज वाढवला. सरांनी हात आणखी जोरात हलवले. मी आणखी वाढवला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात माझं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. लग्न, गणपती, निवडणुकीची सभा, सगळीकडे माझेच कर्णे. माझा आवाज पार वेशीबाहेर पोचतो याचा मला फार अभिमान. आवाज चांगला म्हणजे लांब जाणारा, एवढंच माझं शास्त्र होतं. त्यामुळे कॉलेजच्या गॅदरिंगला पुण्याहून रॉक वाजवणारा ग्रुप येणार म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो. गॅदरिंग पाटील सरांकडे होतं. ते इंग्रजी शिकवायचे.

"आधी कधी केलंय का असलं काम?" सरांनी विचारलं.

"सर, आवाज तो आवाज. कीर्तन काय नि रॉक काय."

आदल्या दिवशी ट्रायल झाली. गिटारवाल्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर होता, म्हणजे आवाज मोठा करायची पेटी. ती किती मोठी आहे ते बघायला मी तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात त्यानं तार छेडली. संध्याकाळभर माझ्या कानात शिट्टी वाजत होती. बायको चहा घे म्हणाली, मी तिला पंखा बंद कर म्हणालो. शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याकडे गिरणीतले विणकर फार यायचे.

"मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान जातात," डॉक्टर म्हणाले. "एकदा गेलेला कान परत येत नाही. उद्या तिथंच थांबणार असाल, तर कापसाला व्हॅसलीन लावा आणि बोळे घट्ट घाला."

मी ते तंतोतंत पाळलं. माझा जोडीदार शब्बीरभाई वायरी आणि माईक सांभाळायचा. त्यालाही बोळे देऊ केले.

"नको अण्णा. लोक म्हणतील याचे कान फुटलेत," तो म्हणाला आणि स्टेजशेजारी जाऊन बसला.

आता या बोळ्यांची एक गंमत सांगतो, जी तेव्हा मला ठाऊक नव्हती. कापूस सगळा आवाज सारखा अडवत नाही. ढोलासारखा जाड आवाज, ज्याला आम्ही बास म्हणतो, तो बऱ्यापैकी आत येतो. झांजेसारखा बारीक, टोकदार आवाज, म्हणजे ट्रेबल, तो जास्त अडतो. बोळे घातलेल्या माणसाला गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. मला तसंच वाटलं. मी माझ्या मशीनला शिव्या घातल्या आणि ट्रेबलचं बटण फिरवलं. तरी गोधडी निघेना. मग शेवटपर्यंत फिरवलं.

आवाज आणि ट्रेबल असे वाढवले की कर्ण्यातून निघालेला आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि किंकाळीसारखी शिट्टी सुरू होते. याला फीडबॅक म्हणतात. ती शिट्टी मला अगदी बारीक ऐकू आली. गिटारवाल्याची करामत असेल म्हणून मी मान डोलावली.

लोकांकडे माझं लक्ष नव्हतं असं नाही. पहिल्या रांगेत बऱ्याच जणांनी हात कानांवर ठेवले होते, पण रॉक ऐकायची तीच पद्धत असावी असं मला वाटलं. काही मुली उठून बाहेर गेल्या. त्यांना घरून लवकर बोलावलं असेल. शिवाय प्रमुख पाहुणे अगदी प्रसन्न चेहऱ्यानं बसले होते, बोटांनी ठेकाही धरत होते. मी त्यांच्याकडे बघून निर्धास्त झालो. ते गिरणीतल्या माग खात्याचे निवृत्त मास्तर होते, हे मला नंतर समजलं.

पाटील सर माझ्यापर्यंत आले. तोंड हलवून काहीतरी म्हणाले.

"हो सर, वाढवतो," मी म्हणालो.

त्यांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात शब्बीरभाई धावत आला, माझं डोकं धरलं आणि एका कानातला बोळा ओढून काढला.

जन्मात मी कधी इतका दचकलो नाही. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज होता आणि तो सगळा माझा होता.

"काय करायलाव अण्णा? मानसं पळायलीत की," शब्बीरभाई माझ्या कानात ओरडला. "म्होरच्या पोरांचे कान दुखायलेत."

मी मेन स्विच बंद केला. गिटारवाल्याची पेटी वेगळ्या लायनीवर होती, तो वाजवतच राहिला. त्याला हातानं थांबवावं लागलं. सरांनी दहा मिनिटांची विश्रांती जाहीर केली. लोकांनी विश्रांतीला टाळ्या वाजवल्या.

दुसराही बोळा काढून मी कामाला लागलो. ट्रेबल खाली आणलं. पहिल्या रांगेच्या तोंडावर रोखलेले कर्णे वर उचलून मागच्या लोकांकडे वळवले. माईक कर्ण्यांच्या मागं घेतले, त्यामुळे शिट्टी थांबली. राहिली गिटारवाल्याची पेटी.

"ती थोडी कमी करा," मी म्हणालो.

"रॉक हळू वाजवत नसतात, काका."

वाद घालायला मला तोंड नव्हतं. मी त्याची गिटार त्याच्या मित्राच्या हातात दिली आणि त्याला पहिल्या रांगेत नेऊन पाहुण्यांशेजारी बसवलं. मित्रानं एकदा तार छेडली. गिटारवाला उठला, स्टेजवर गेला आणि आपल्या हातानं बटण निम्म्यावर आणलं. बिचारा इतके दिवस पेटीच्या बाजूला उभा राहून वाजवत होता. समोर काय जातं ते त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

दुसरा भाग स्वच्छ झाला. ड्रम वेगळा, गिटार वेगळी, गाणाऱ्याचा शब्दन् शब्द वेगळा. बाहेर गेलेले बरेच लोक परत आले. पाटील सर माझ्याशेजारी येऊन दोन गाणी लक्षपूर्वक ऐकत उभे राहिले.

"कसं वाटतं सर?" मी विचारलं.

"आता शब्द ऐकू येतात," सर म्हणाले. "पण ते इंग्रजी नाहीत."

प्रमुख पाहुणे मात्र जाताना माझ्याजवळ थांबले. पहिला भाग जास्त रंगला होता, असं त्यांचं मत पडलं. मी मोठ्यानं आभार मानले. त्यांना ते ऐकू गेले नाहीत. मला हसू आलं नाही, कारण डॉक्टरांचं बोलणं आठवलं.

शब्बीरभाईच्या कानात दुसऱ्या दिवशीही शिट्टी वाजत होती. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला कापूस तोच आणायचा. लोक काय म्हणतील ते त्याला कमी ऐकू यायचं, हा आणखी एक फायदा.

त्यानंतर मी बरीच वर्षं हा धंदा केला. त्यात शिकलो ते एवढंच. आवाज उघड्या कानांनी लावायचा. मग कानात बोळे घालायचे. आणि मग दोन्ही हात खिशात घालायचे.