हात खाली

बाईंचं बारसं त्यांच्या वर्गातल्या मुलांनीच केलं होतं. ऐकू न येणाऱ्या मुलांची ती शाळा. तिथे कागदावरची नावं फक्त हजेरीपुरती. एरवी प्रत्येकाची एक खूण आणि तीच त्याची ओळख. एक मुलगा पुढच्या दोन दातांवरून ओळखला जायचा, एक मुलगी गालावरच्या खळीवरून. बाई वर्गात शिरल्या की लाकडी फळ्यांच्या जमिनीवर दणकन पाय आपटायच्या. तो हादरा बाकांमधून पोरांच्या अंगात पोचायचा आणि सगळी डोकी एकदम वळायची. म्हणून बाईंची खूण होती तळहातावर मुठीचा ठोसा. ही खूण त्यांना मनापासून आवडायची. नव्या शिक्षिकांना त्या ऐटीत सांगायच्या, की घरी माझं नाव कोणी घेत नाही, इथे दिवसातून शंभरदा घेतात.

त्याच वर्गात त्यांचे केस पिकले. शिस्तीच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. बोलणाऱ्याकडे बघायचं, हा त्यांचा पहिला नियम. ऐकू येणारा माणूस खिडकीबाहेर बघत बघतही ऐकू शकतो. या मुलांचं तसं नाही, नजर हटली की बोलणं संपलं. पोरं भांडायला लागली की हरणारा गच्च डोळे मिटून घ्यायचा, आणि समोरचा हात नाचवून नाचवून रडकुंडीला यायचा. बाई डोळे मिटणाऱ्याला उभं करायच्या. यापेक्षा मोठा अपमान नाही, असं त्याला सुनवायच्या.

मग साथ आली, शाळेला कुलूप लागलं आणि वर्ग फोनमध्ये भरायला लागला. या मुलांना तर सोपंच आहे, आवाजाची गरज कुठे आहे, असं पुष्कळ शहाण्यांनी बाईंना ऐकवलं. हातवाऱ्यांची भाषा काडेपेटीएवढ्या चौकटीत दिसते तरी कशी, हे त्यांच्यापैकी एकानंही बघितलेलं नव्हतं. हात चौकटीबाहेर जायचे. चित्र मध्येच गोठायचं आणि अर्धा शब्द हवेत लटकून राहायचा. पाय आपटायला जमीनही उरली नव्हती.

त्यावर तोडगा काढला बाईंच्या नवऱ्यानं. निवृत्त होऊन घरात बसलेला तो माणूस वर्गाच्या वेळी दिव्याच्या बटणापाशी स्टूल टाकून बसायला लागला. बाईंनी मान हलवली की बटण खाली, बटण वर. दिवा लुकलुकला की पोरं दचकून बघायची. जन्मभर साहेबाच्या मानेकडे बघत नोकरी केली, आता घरीही तेच नशिबात आलं, असं तो म्हणायचा, पण एक दिवसही त्यानं चुकवला नाही.

खरी पंचाईत निराळीच होती. ही मुलं अशा घरांमध्ये अडकून पडली होती जिथे जेव, झोप, इकडे ये याच्या पलीकडे त्यांच्याशी कोणाला बोलता येत नव्हतं. दिवसभराचं तुंबलेलं सगळं वर्ग सुरू झाला की एकदम फुटायचं. सगळ्या चौकटींत सगळे हात एकाच वेळी. बाईंचं डोकं गरगरायचं आणि शिकवणं जागच्या जागी राहायचं. शेवटी त्यांनी नियम काढला: हात खाली. ज्याची पाळी असेल त्याचेच हात दिसतील, बाकीच्यांचे चौकटीच्या खाली. लिहून पाठवायची सोयही त्यांनी बंद केली, कारण पोरं तिथे चित्रांच्या रांगा लावायची. आठवड्याभरात वर्ग ताळ्यावर आला. बाकीच्यांनी यांच्याकडून शिकावं, असं मुख्याध्यापक म्हणाले. बाई जराशा फुगल्या. का फुगू नये? त्या दिवसांत कोणाचं काही धड चाललं होतं का?

नियम सगळ्यात जड गेला तो खळीला. नऊ वर्षांची पोर, आणि हातांना क्षणाची उसंत नाही. घरात ती आणि आई, दोघीच. बाप कधीच निघून गेला होता आणि त्याचा विषय त्या घरात निघत नसे. आई शिवणकाम करायची. साथीत कपडे कोण शिवून घेणार, म्हणून ती मास्क शिवायला लागली होती. वर्गाच्या वेळी ती मशीन खळीच्या शेजारी ओढून घ्यायची आणि शिवता शिवता बाईंच्या हातांकडे बघायची. तिचं चुकलं की खळी अगदी सासूच्या तोऱ्यात तिची बोटं धरून सरळ करायची. पूर्वी आईला मोजक्याच खुणा यायच्या. आता मायलेकी खुणांनी चक्क भांडायच्या. हे बघून बाईंना फार बरं वाटायचं.

खळीची प्रत्येक गोष्ट ‘आई’पासून सुरू व्हायची. आईनं बोटात सुई घुसवून घेतली. आईनं दूध उतू घालवलं. आई घोरते. ते तुला कसं कळलं, असं बाईंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, मी तिच्या पाठीवर हात ठेवून झोपते, हाताला कळतं.

त्या दिवशी खळीच्या शेजारी मशीन होतं, आई नव्हती. बाईंना ते दिसलं. असेल कामात, एवढंच त्यांच्या मनात आलं. बाई दातवाल्या मुलाला भागाकार शिकवत होत्या. त्याच्याकडे नेट जेमतेम काही मिनिटं टिकायचं, त्यामुळे त्या घाईत होत्या. तेवढ्यात कोपऱ्यातल्या चौकटीत हात वर आले. आई. बाईंनी मान हलवली, दिवा लुकलुकला. हात खाली गेले. पुन्हा वर आले. आई, पाठ. दिवा परत लुकलुकला, या वेळी दोनदा, आणि बाईंनी भुवया ताणून खुणावलं: शेवटी सांग.

खळीनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली. बाईंनी वर्गाला दाखवलं, बघा, खळी आज किती शहाणी झाली. मग भागाकार लांबला, मीटिंगची फुकटची वेळ संपली आणि पडदा आपला आपण काळा झाला. खळीचं राहिलंच, हे बाईंना कप विसळताना आठवलं. उद्या सांगेलच की, सांगितल्याशिवाय राहणारी आहे का ती, असं म्हणून त्या दुसऱ्या कामाला लागल्या.

मास्क न्यायला येणारी दुकानदारीण संध्याकाळी दार ठोकून थकली, तेव्हा तिनं शेजाऱ्यांना बोलावून दार उघडवलं. आई पलंगावर पालथी पडलेली, आणि खळी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलेली. आईनं ताप लपवला होता. कळलं तर मला घेऊन जातील, तू एकटी पडशील, कोणाला दार उघडू नकोस, असं तिनं पोरीला बजावून ठेवलं होतं. तसंही त्या गल्लीत पोरीची भाषा कळणारं कोणी नव्हतं. कळणारं एकच माणूस होतं, आणि ते रोज ठरलेल्या वेळी फोनमध्ये यायचं. आईला दवाखान्यात नेलं, पण ती रात्र काही तिनं काढली नाही. थोडं आधी आणायला हवं होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खळीच्या मावशीचा फोन आला. भांडायला नव्हे. तिला खुणा येत नव्हत्या. आई गेली हे पोरीला कसं सांगायचं, एवढंच तिला विचारायचं होतं.

“आणि बाई, ती कालपासून सारखं एकच करतेय,” मावशी म्हणाली. “आधी आईची खूण, ती मला कळते. मग पाठ दाखवते. आणि मग तळहातावर अशी मूठ मारते. ते काय असतं हो?”

फोन ठेवल्यावर बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तुला काय कल्पना होती, साथीत घरोघर हेच चाललंय, डॉक्टर सगळ्यांनाच तसं म्हणतात, असं नवरा परोपरीनं समजावत होता. तो वाईट माणूस नव्हता, आणि बटण त्यानंच दाबलं होतं.

“मला दिसलं होतं,” बाई म्हणाल्या. “तिनं ‘आई’ म्हटलेलं मला दिसलं होतं.”

आई गेल्याचं खळीला बाईंनीच सांगितलं, फोनवरून, कारण दुसरं कोणी सांगूच शकत नव्हतं. खळी पापणी न हलवता बघत होती. मग तिनं डोळे गच्च मिटून घेतले. बाई पुढे हात हलवत राहिल्या, रडत राहिल्या, आणि पलीकडे ते बघायला कोणी नव्हतं.

हात खाली हा नियम बाईंनी त्याच आठवड्यात मोडला. पुन्हा सगळ्या चौकटींत एकदम धुमाकूळ सुरू झाला आणि त्यांनी तो होऊ दिला. मुख्याध्यापक बोलले, तेही ऐकून घेतलं. खळी मावशीच्या घरून रोज यायची. वेळेवर यायची, समोर बघायची, हात मांड्यांखाली. विचारलं तर मान हलवायची. बाईंनी गोडीगुलाबी केली, माफी मागितली, मावशीच्या विनवण्या केल्या. त्या पोरीचे हात पुन्हा वर यावेत, एवढी एकच गोष्ट बाईंना हवी होती, आणि ती त्यांच्या हातात राहिली नव्हती.

पुढे शाळा उघडली. बाकं लांब लांब सरकवलेली, तोंडं झाकलेली. बाई आत आल्या, पण आपटायला त्यांचा पाय उचलला गेला नाही. खळी भिंतीकडच्या बाकावर बसली होती, हातांवर. मधल्या सुट्टीत मुलं बाहेर गेली तेव्हा बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी एकच खूण केली. सांग.

खळीनं आधी वर, छताच्या दिव्याकडे पाहिलं.

बाईंना कळलं. त्या उठल्या, दिवा बंद केला, खिडकी उघडली आणि परत येऊन बसल्या. खळी थोडा वेळ त्या बंद दिव्याकडे बघत राहिली. मग तिनं हात बाहेर काढले. बाकाचे वळ उठले होते त्यांच्यावर. त्या दिवशी अर्धवट राहिलेलं तिनं जिथून तुटलं होतं तिथूनच पुरं केलं, जणू वर्ग अजून चालू होता. आई. पाठ. मी हात ठेवलाय. थोडं थोडं हलतंय. बाई, कोणाला तरी लवकर पाठवा.

बाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. ते मिटून घ्यावेत असं त्यांना जन्मात कधी वाटलं नव्हतं इतकं वाटलं. त्यांनी मिटले नाहीत. खळीनं हातांना जरा उसंत दिली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. थोडं हलतंय, बाई. अजून हलतंय. बाई बघत राहिल्या.