मदनमहल नव्हे, महाराजपूर!

नागपूरहून जबलपूरची बस पकडली तेव्हा शेजारच्या प्रवाशानं विचारलं, "एकटेच?" मी मान हलवली. बोलताना मी अडखळतो, लहानपणापासून. आयुष्यभर नाशिकच्या शाळेत गणित शिकवलं ते असंच अडखळत शिकवलं, आणि पोरं गणितात नापास झाली ती माझ्या जिभेमुळे नव्हे. तरीही निवृत्तीनंतर एकट्यानं प्रवासाला निघालो की घरचे हळहळतात. ती हळहळ घरीच ठेवून मी निघालो होतो.

शिवनीनंतर साग दाट झाला. संध्याकाळ होता होता तिलवाऱ्याचा पूल आला. खाली नर्मदा रुंद आणि निवांत पसरलेली. बसमधल्या सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले.

स्टँडवर ऑटोवाल्यानं विचारलं, "कहाँ जाना है, बाबूजी?"

"म-म-म..."

"मदनमहल! समझ गया, आप तकलीफ मत करो." त्यानं माझी बॅग उचलून आत ठेवलीसुद्धा. मी "नाही, नाही" म्हणेपर्यंत ऑटो सुटला होता. बऱ्याच वेळानं दगडांच्या टेकड्या दिसू लागल्या, तेव्हा त्याच्या खांद्यावर थोपटून ऑटो थांबवला आणि ठिकाणाचं नाव पुरं केलं: "म-महाराजपूर."

तो ओशाळला. "अरे, वो तो अधारताल के आगे है. बिलकुल उलटी दिशा! मैंने सोचा, आपको बोलने में कष्ट हो रहा है..."

कष्ट मला होत होते, घाई त्याला झाली होती.

महाराजपूरला शालूताई दारातच उभी होती. माझी मावसबहीण, माहेर वर्ध्याचं. लग्न होऊन इकडे आली ती इकडचीच झाली. भाऊजी गेल्यापासून ती आणि लेक केतकी, दोघीच असतात.

"काहून रे, इतका उशीर काहून? मी फोन करून करून थकली न!"

जेवताना तिनं आनंदाची बातमी दिली. केतकीला बघायला परवा पुण्याचे पाहुणे येणार होते. मुलगा शिकलेला, आई करारी. केतकीनं माझ्या पानात आणखी एक खोवा जलेबी (खव्याची, काळपट तपकिरी आणि भरदार जिलबी) वाढली.

दुसऱ्या दिवशी केतकीनं मला भेडाघाटला नेलं. धुवाँधारपाशी (पाण्याचे तुषार धुरासारखे उडतात म्हणून हे नाव) इतका गडगडाट होता की कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं. तिथं मी पोटभर बोललो.

मग नावेत बसलो. दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे, कुठे दुधासारखे, कुठे निळसर. नावाडी प्रत्येक कड्यावर यमक जुळवून काहीतरी सांगत होता आणि लोक हसत होते. त्यानं मला विचारलं, "बाबूजी कहाँ से?"

"ना-ना..."

"नागपुर?" एक बाई म्हणाल्या. "नांदेड?" दुसरं कुणी. "नासिक होगा!" तिसरा. कोडं सुटल्यासारखी नाव खूश झाली.

केतकीनं हात वर केला. "एक मिनिट. इनको बोलने दीजिए." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही बोला मामा. मी ऐकून राहिली."

उत्तर आधीच फुटलेलं होतं. तरीही मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं.

परतताना मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? केतकी फिजिओथेरपिस्ट आहे. लकवा झालेल्या माणसांना पुन्हा उभं करते. "एक दादा आहेत," ती म्हणाली, "पाणी मांगायचं तर पाच मिनिट लागते त्यांले. घरचे लगेच ग्लास देऊन देतात. मी नाही देत. त्यांले पाणी नाही पाहिजे राहत कधी कधी. त्यांले म्हणायचं राहते की पंखा बंद करा."

पाहुणे ठरल्याप्रमाणे आले. पोहे झाले, मंगोड्यांचं (मुगाच्या डाळीची भजी) कौतुक झालं. मग मुलाच्या आईनं केतकीला विचारलं, "तू नेमकं काय करतेस गं?"

"मी पेशंट लोकांले चालवून राहिली... मतलब, लकव्याचे जे..."

"चालवते," मुलानं हसून दुरुस्त केलं.

"राहिली? कुठे राहिली?" त्याची आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. तिच्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, पण केतकीचा चेहरा उतरला. मग शालूताईच भराभर उत्तरं देऊ लागली. केतकीला काय आवडतं, ती पुण्यासाठी इथली नोकरी सोडेल का, मराठी कशी लगेच सुधारेल. पोरगी समोर बसली होती आणि तिचं आयुष्य दुसरीच्या तोंडून ठरत होतं.

"थ-थ-थांबा," मी म्हणालो. "ति-तिला... तिला..."

"पाणी हवंय का तिला?" पाहुण्या बाईंनी मायेनं विचारलं.

"नाही! तिला ब-ब-बोलू द्या. वाक्य तिचं आहे."

"अहो, आम्ही मदतच करत होतो."

"म-मदत नको. थांबा फक्त."

शालूताई डोळ्यांनी मला जाळत होती. केतकीनं बराच वेळ घेतला. मग बोलली ती सावकाश, शब्द शोधत, पण मान वर करून.

"काकू, तुम्ही हसल्या, त्याचा राग नाही. माझी मराठी अशीच आहे. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा ह्याच मराठीत मी त्यांच्याशी शेवटचं बोलली. त्यांले सगळं समजलं. ती मले सुधारायची नाही. और एक बात. तुम्ही मले विचारलं, मी सांगू लागली, तो आपने सुना ही नहीं. मी कुठे राहिली, ते तर माहीत नाही. तुमच्याकडे नाही राहणार, इतकं पक्कं."

पाहुणे चहा न घेताच उठले. दाराशी मुलगा घुटमळला आणि तिला म्हणाला, "मी मध्ये बोलायला नको होतं." केतकी म्हणाली, "हो." बस, तेवढंच.

मग शालूताई माझ्यावर तुटून पडली. "पाहुणा म्हणून आला का घर पेटवाले आला? तुझं काय जाते? उद्या तू चालला जाशील!" मी माफी मागितली नाही. मागण्यासारखं काही केलं नव्हतं. सकाळी तिनं पुऱ्यांचा डबा हातात दिला आणि आत निघून गेली. केतकीनं स्कूटरवरून स्टँडवर सोडलं.

शिवनीला बस चहासाठी थांबली, तेव्हा शालूताईचा फोन आला.

"बाबू," ती म्हणाली आणि थांबली. "मी लग्न होऊन आली न, तेव्हा मले हिंदी येत नव्हती. कोणी काही विचारलं की सासूबाईच बोलायच्या..." पुन्हा थांबली. मला पुढचं साधारण कळलं होतं. ओठांवर आलेला शब्द मी गिळला. कंडक्टर हाका मारत होता. मी फोन कानाला लावूनच बसमध्ये चढलो.

"मले कॉलेजात जायचं होतं. मामंजी तयार होते. त्यांनी विचारलं. सासूबाई बोलल्या, हिले घरकामच आवडते." मग रडं आवरून म्हणाली, "पोरीनं बरं केलं. पण तुझ्यावर मी अजून रागावून राहिली, समजलं न?"

"स-स-समजलं," मी म्हणालो. तिनं ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मगच फोन ठेवला.

आता नाशिकला लोक विचारतात, जबलपूरला काय पाहिलंत? मी सांगायला लागतो. नदी, कडे, जिलबी, केतकी. एखादा शब्द अडला की माणसं चांगुलपणानं पुढचा शब्द हातात ठेवतात. पूर्वी मी तो घ्यायचो, आभारही मानायचो. माणसं चांगली आहेत, हे मला कळतं. पण चांगुलपणाला ऐकण्याइतका दम नसेल, तर तो चांगुलपणा ज्याचा त्यानं ठेवावा. हल्ली मी हात वर करतो, दिलेला शब्द परत करतो आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.