गाभण डुकरिणींचा घास

गाभण डुकरिणींची भूक मोजायचं काम मला मिळालं, तेव्हा नागपूरहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “इतकी शिकली, अन् आयर्लंडात येऊन डुकरं पाहून राह्यली?” मी सॉफ्टवेअरवाली. स्लायगोजवळच्या एका फार्मवर कॅमेरे बसवले होते आणि त्यांचे व्हिडिओ मी घरी बसून तपासायचे.

गाभण डुकरिणीला खाणं मोजूनच देतात, फार जाड झाली तर विताना त्रास होतो. तेवढंसं खाणं बघता बघता फस्त होतं. मग बिचाऱ्या दिवसभर भुकेने रिकामंच तोंड हलवत उभ्या. म्हणून मालकाने निम्म्या डुकरिणींना बीटचा चोथा आणि पेंढा सुरू केला होता. पोट भरावं, चरबी चढू नये. मला ते मनापासून पटलं होतं. पण व्हिडिओत तोंडाची हालचाल मोजणारा माझा प्रोग्राम म्हणत होता, चोथेवाल्याच जास्त तोंड हलवतात, म्हणजे त्यांची भूक वाढलीय. तसे आकडे गेले की मालक शुक्रवारी चोथा बंद करणार होता. माझी इतकी चिडचिड झाली की घरात कुणी माझ्या वाटेला जाईना.

गुरुवारी सासूबाई चहा घेऊन आल्या आणि नको नको म्हणत स्क्रीनकडे बघत राहिल्या.

“हे पाह्य, हिच्या तोंडात तणस हाय. ही खाऊन राह्यली. अन् ती तिकडची? तोंडात काहीच नाही, नुसता फेस. उपाशी हाय व ती!”

मी उडालेच. पेंढा चघळणं आणि रिकामं तोंड हलवणं, माझ्या प्रोग्रामला दोन्ही एकच वाटत होतं! दुपारभर आम्ही दोघींनी सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले. त्या “घास” किंवा “रिकामं” म्हणायच्या, मी नोंद करायची. चोथेवाल्या जवळजवळ सगळ्या खरोखर खात होत्या आणि खाऊन झालं की खुशाल आडव्या होत होत्या. इतकी मजा मला त्या कामात कधीच आली नव्हती.

रात्रीच मी नवे आकडे मालकाला पाठवले. शुक्रवारी त्याचा फोन आला. “ग्रँड,” तो म्हणाला, आता सगळ्यांनाच चोथा. मी आनंदाने सासूबाईंना मिठीच मारली.

आठवड्याभराने त्यांनी स्वतःहून लॅपटॉप उघडायला लावला. ती फेसवाली भरल्या पोटी पेंढ्यात आडवी पडली होती. मी काही बोलणार, तेवढ्यात सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल,” त्या कुजबुजल्या, “पोटुशी हाय. आत्ताच डोळा लागला तिचा.”